गंभीर हृदयविकार असलेल्या बाळाची घरी काळजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्मतः हृदयात दोष असलेले बाळ रुग्णालयातून घरी येते, तेव्हा त्याच्यासोबत कागदांची एक जाड फाइल आणि औषधांच्या चार-पाच बाटल्याही येतात. खालील उत्तरे शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या, दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात असलेल्या आणि शस्त्रक्रियेनंतर नुकत्याच घरी आलेल्या बाळांच्या पालकांसाठी आहेत. आपल्या बाळाच्या डॉक्टरांनी दिलेली सूचना येथील मजकुरापेक्षा वेगळी असेल, तर डॉक्टरांचीच सूचना पाळावी, कारण त्यांनी बाळाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहिलेला असतो.

डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला, पण त्या वेळी काहीच डोक्यात शिरले नाही. आता पुन्हा विचारायला संकोच वाटतो.

संकोच करू नये. निदान ऐकताना पहिल्या वाक्यानंतरचे काहीही ऐकू न येणे हा बहुतेक पालकांचा अनुभव असतो आणि डॉक्टरांनाही तो ठाऊक असतो. आजाराचे लांबलचक नाव पाठ झाले नाही तरी चालेल. मात्र तीन गोष्टींची उत्तरे स्वतःच्या अक्षरात लिहून घ्यावीत. पहिली, बाळाच्या फुप्फुसांकडे रक्त गरजेपेक्षा जास्त जाते की कमी. दुसरी, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, म्हणजे सॅच्युरेशन, या बाळासाठी किती ते किती असणे अपेक्षित आहे. तिसरी, पुढचा टप्पा कोणता आणि तो साधारण केव्हा आहे.

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व असे, की घरात काय दिसेल हे बरेचसे त्यावर ठरते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असेल, तर फुप्फुसांत जादा रक्त शिरते. असे बाळ निळे पडत नाही, पण धापा टाकते, घामेजते आणि त्याचे वजन वाढत नाही. याउलट फॅलोज टेट्रालॉजीसारख्या आजारात छिद्राबरोबरच फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. ते बाळ कधीकधी चांगले गुटगुटीतही असते, पण त्याचे ओठ निळसर दिसतात. दोन्ही घरांतील पालक ‘हृदयाला छिद्र आहे’ असेच सांगतात, आणि एकाला मिळालेला सल्ला दुसऱ्याने वापरला तर घोटाळा होतो.

आमच्या हातून गरोदरपणात काही चूक झाली का?

जवळजवळ नेहमीच या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे असते. हृदयाची घडण गर्भधारणेनंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांतच बव्हंशी पूर्ण होते, म्हणजे कित्येकदा गर्भ राहिल्याचे कळण्याच्या सुमारास. जिवंत जन्मलेल्या दर शंभर बाळांपैकी साधारण एकाच्या हृदयात काही ना काही दोष असतो आणि बहुतेकांमध्ये एकच एक कारण सापडत नाही. काही कारणे मात्र माहीत आहेत : आईला सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह, काही विशिष्ट औषधे आणि गुणसूत्रांतील बदल. डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या बाळांना हृदयदोष असतो.

जन्मल्यावर जोरात रडलेले, चांगले दूध प्यायलेले बाळ तिसऱ्या दिवशी एकाएकी कसे बिघडले?

गर्भात असताना फुप्फुसे श्वासाचे काम करीत नसतात, म्हणून फुप्फुसांकडे जाणारी मुख्य वाहिनी आणि शरीराला रक्त पुरवणारी महाधमनी यांना जोडणारी एक आडवाट निसर्गाने ठेवलेली असते. जन्मानंतर काही तासांत ती आकसू लागते आणि काही दिवसांत मिटते. निरोगी बाळाला तिची गरज नसते. पण ज्याच्या हृदयाचा डावा किंवा उजवा मार्ग बंद आहे, त्याचा सारा कारभार त्या एका आडवाटेवर चाललेला असतो. ती मिटू लागली, की बाळ काही तासांत राखाडी, थंड आणि मलूल होते. अशा वेळी शिरेतून दिले जाणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध ती वाट उघडी ठेवते आणि शस्त्रक्रियेपर्यंतचा वेळ मिळवून देते.

याच कारणासाठी जन्मानंतर २४ तास उलटल्यावर बाळाच्या उजव्या हाताचे आणि एका पायाचे सॅच्युरेशन मोजण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली आहे. मोठ्या छिद्राची गोष्ट याच्या उलट असते. पहिले काही आठवडे फुप्फुसांतील वाहिन्यांचा दाब जास्त असल्यामुळे छिद्रातून फारसे रक्त जात नाही. तो दाब उतरला, की साधारण चार ते सहा आठवड्यांनी बाळाला धाप लागू लागते. त्यामुळे ‘आधी तर ठीक होते’ हे वाक्य दोन्ही प्रकारच्या पालकांच्या तोंडी असते, आणि ते खरेही असते.

बाळ दूध पिताना दमते. जबरदस्तीने पाजावे का?

जबरदस्ती करू नये, पण हा प्रश्न उद्यावर ढकलूही नये. अशा बाळाच्या घरात सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत जास्त काळजी दूध पाजण्यात खर्च होते, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

तान्ह्या बाळाला दूध ओढणे हीच सर्वांत मोठी मेहनत असते. हृदयावर ताण असलेले बाळ उत्साहाने तोंड लावते, पाच-सात मिनिटे ओढते, मग कपाळावर आणि टाळूवरच्या केसांत घामाचे बारीक थेंब दिसू लागतात. ओढणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसत नाही, बाळ तोंड सोडते, धापा टाकते आणि भूक असूनही झोपी जाते. अर्ध्या तासाने पुन्हा उठून रडते. याला ‘झोपाळू बाळ’ किंवा ‘कमी पिणारे बाळ’ म्हणून सोडून दिले जाते. आमच्या मते घरात सर्वाधिक वेळा होणारी चूक हीच आहे.

एका वेळचे पाजणे साधारण २० ते ३० मिनिटांत आटोपावे. त्यापुढे बाळ जितके मिळवते त्याहून अधिक खर्च करू लागते. त्यापेक्षा थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी पाजावे, डोके आणि छाती उंच ठेवावी, मध्ये थांबून ढेकर काढावी आणि बाळ भुकेने रडून थकण्याआधीच सुरुवात करावी. अंगावरचे दूध अशा बाळांनाही उत्तम असते आणि हृदयविकार आहे एवढ्याच कारणाने ते थांबवू नये. मात्र या बाळांची उष्मांकांची गरज जास्त असते. निरोगी तान्ह्या बाळाला दर किलो वजनामागे रोज सुमारे १०० ते ११० किलोकॅलरी पुरतात, तर हृदयावर ताण असलेल्या बाळाला १२० ते १५० लागू शकतात. आईच्या किंवा पावडरच्या साध्या दुधात १०० मिलीलिटरमागे सुमारे ६७ किलोकॅलरी असतात. म्हणून कित्येकदा काढलेल्या दुधात पूरक पावडर मिसळून ते ८० किंवा त्याहून अधिक किलोकॅलरीपर्यंत दाट करायला सांगितले जाते. हे प्रमाण आहारतज्ज्ञांनी लिहून दिल्याप्रमाणेच ठेवावे. अंदाजाने एक चमचा जास्त घातल्यास जुलाब होतात आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. पाणी वाढवून दूध पातळ करणे तर अजिबात नको.

एवढे करूनही वजन वाढत नसेल, तर नाकातून पोटात नळी घालून उरलेले दूध देतात. नळी लागली म्हणजे आपण हरलो, असे अनेक आयांना वाटते. खरे तर जी ताकद ओढण्यात वाया जात होती ती आता वाढीकडे जाते. नळी असतानाही रोज थोडा वेळ तोंडाने चोखू द्यावे, नाहीतर पुढे तोंडाने खाण्याचीच बाळाला नावड बसते आणि ती घालवायला फार वेळ लागतो.

वजन रोज करावे का?

डॉक्टरांनी सांगितले असल्यास रोज, अन्यथा आठवड्यातून एक-दोनदा करावे. तोच काटा, तीच वेळ, दूध पाजण्याआधी आणि कपड्यांशिवाय. पहिल्या तीन महिन्यांत निरोगी बाळाचे वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढते. हृदयविकार असलेले बाळ याहून हळू वाढू शकते, पण वजन थांबणे किंवा उतरणे कळवायलाच हवे. एका दिवसात अचानक खूप वजन वाढले आणि पापण्या किंवा पावले सुजलेली दिसली, तर ते बाळसे नसून अंगात साचलेले पाणी असू शकते.

ज्या बाळांचे हृदय एकाच मुख्य कप्प्यावर चालते, त्यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेमधला काळ सर्वांत नाजूक असतो. अमेरिकेतील मिलवॉकी येथील डॉक्टरांनी अशा पालकांना घरी काटा आणि ऑक्सिमीटर, म्हणजे सॅच्युरेशन मोजणारे यंत्र, देऊन रोजची नोंद ठेवायला सांगितले, आणि त्याचा फायदा दिसल्यावर ही पद्धत इतरत्रही पसरली. त्या पद्धतीत साधारणपणे सॅच्युरेशन ७५ टक्क्यांखाली जाणे, एका दिवसात ३० ग्रॅम वजन घटणे किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही न वाढणे, यांपैकी काहीही झाल्यास लगेच फोन करायचा असतो. आपल्या बाळाचे आकडे वेगळे असू शकतात. ते लिहून घेऊन काट्याजवळच चिकटवून ठेवावेत.

श्वास जलद आहे की नेहमीसारखा, हे कसे ओळखायचे?

मोजून. बाळ गाढ झोपले असताना कपडा वर करून पोटाकडे पाहावे आणि पोट किती वेळा वर येते ते घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण तान्ह्या बाळांचा श्वास मध्येच थबकतो आणि मध्येच भरभर चालतो. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक आणि त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास हे जलद मानले जातात. मात्र काही हृदयविकारी बाळांचा रोजचा आकडाच त्याच्या आसपास असतो. म्हणून बाळ बरे असतानाचे आठ-दहा दिवसांचे आकडे वहीत हवेत. ‘आज श्वास जास्त वाटतो’ यापेक्षा ‘रोज ५२ असतो, आज ६८ आहे’ हे वाक्य फोनवरच्या डॉक्टरांना फार उपयोगी पडते. आकड्यासोबत नाकपुड्या फुलणे, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे आणि प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येणे, हेही पाहावे.

हातपाय निळे दिसतात. घाबरावे का?

फक्त हातपाय निळसर आणि गार असतील, तर बहुधा थंडीमुळे. गुंडाळल्यावर रंग परततो. खरी परीक्षा जीभ, हिरड्या आणि ओठांच्या आतल्या बाजूची असते. सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या बाळाच्या कातडीवर निळेपणा सहज दिसत नाही, म्हणून तर तोंडाच्या आतच पाहावे, आणि दिवसाच्या उजेडात पाहावे. जीभ नेहमीपेक्षा निळी, जांभळी किंवा राखाडी दिसली, तर थांबू नये.

रडता रडता बाळ एकदम काळेनिळे पडते. त्या क्षणी काय करायचे?

फॅलोज टेट्रालॉजी आणि तत्सम आजारांत असे झटके येतात. बहुधा सकाळी उठल्यावर, दूध पिताना, शी करताना किंवा खूप रडल्यावर फुप्फुसांकडे जाणारी आधीच अरुंद असलेली वाट आणखी आवळली जाते. बाळ आधी अस्वस्थ होते, खोल आणि भरभर श्वास घेऊ लागते, रंग गडद होत जातो आणि नंतर ते अंग सोडून देऊ शकते.

बाळाला ताबडतोब उचलून छातीशी धरावे आणि त्याचे दोन्ही गुडघे दुमडून त्याच्याच छातीला घट्ट टेकवावेत, किंवा उताणे ठेवून गुडघे पोटावर दाबून धरावेत. पायांतील रक्तवाहिन्या अशा दुमडल्या, की शरीराकडचा दाब वाढतो आणि अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. थोडी मोठी झालेली मुले खेळता खेळता आपणहून उकिडवी बसतात, ती याच कारणाने. आवाज हळू ठेवावा, भोवती गर्दी करू देऊ नये आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी रुग्णवाहिकेला फोन करावा. झटका मिनिटभरात ओसरला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, कारण पहिला झटका हा औषध सुरू करण्याचा किंवा शस्त्रक्रिया अलीकडे आणण्याचा संकेत असतो. रक्तातील लोह कमी असलेल्या बाळांना असे झटके अधिक येतात, म्हणून लोहाचे थेंब दिले असतील तर ते किरकोळ समजून बंद करू नयेत.

औषधांच्या बाबतीत सर्वांत जास्त जपायचे ते कशाला?

मापाला. फ्युरोसेमाइड अंगातले जादा पाणी लघवीवाटे काढते, एनालाप्रिल किंवा कॅप्टोप्रिल हृदयापुढचा अडसर कमी करते, डिगॉक्सिन ठोक्यांना जोर देते. या औषधांचा बाळाचा डोस कधीकधी एक मिलीलिटरहूनही कमी असतो. तेथे चमचा चालत नाही. सुई नसलेली, मिलीलिटरच्या दहाव्या भागाच्या खुणा असलेली सिरिंजच वापरावी. सिरिंज डोळ्यांच्या पातळीत धरून बुडबुडा काढून टाकावा, कारण इतक्या लहान डोसात बुडबुड्याचीही जागा मोठी असते. औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडावे. दुधाच्या पूर्ण बाटलीत मिसळू नये. बाळाने दूध अर्धे ठेवले, तर किती औषध पोटात गेले ते कळत नाही. नवी बाटली आणली, की तिच्यावरची तीव्रता जुन्या बाटलीशी ताडून पाहावी. एकाच नावाचे औषध वेगवेगळ्या तीव्रतेत मिळते आणि मिलीलिटरचा आकडा तोच ठेवला, तर डोस दुप्पट होऊ शकतो.

डोस राहून गेला म्हणून पुढचा दुप्पट देऊ नये. डिगॉक्सिन दिल्यावर बाळाने उलटी केली, तरी ते पुन्हा देऊ नये. वारंवार उलट्या, दूध नाकारणे आणि ठोके मंदावणे ही ते जास्त झाल्याची चिन्हे असू शकतात. वजन वाढले, की डोस अपुरा पडतो, म्हणून प्रत्येक भेटीत ‘हा डोस आताच्या वजनाला पुरेसा आहे का’ असे विचारावे. सर्दी-खोकल्याचे दुकानातून आणलेले किंवा घरगुती कोणतेही औषध न विचारता देऊ नये. शंट, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त नेणारी कृत्रिम नळी, असलेल्या बाळाला ॲस्पिरिन चालू असेल, तर आयबुप्रोफेन टाळावे आणि बाळ फ्लू किंवा कांजिण्यांच्या रुग्णाच्या संपर्कात आल्यास त्वरित कळवावे.

शंट म्हणजे काय? आणि साध्या जुलाबाला डॉक्टर एवढे का घाबरतात?

शंट म्हणजे शरीराकडच्या धमनीतून फुप्फुसांकडे रक्त नेणारी, काही मिलीमीटर जाडीची कृत्रिम नळी. हिच्यामागची कल्पना बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची. त्यांना ऐकू कमी येत असे, त्यामुळे त्या बाळांच्या छातीवर बोटे ठेवून हृदय तपासत. ज्या निळ्या बाळांची वर सांगितलेली आडवाट उघडी राहते ती तग धरतात आणि ती मिटली की खालावतात, हे त्यांनी टिपले होते. मग तशीच वाट मुद्दाम का करू नये? सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक आणि प्रयोगशाळेत ते तंत्र घडवणारे व्हिव्हियन थॉमस यांच्यासह १९४४ साली बाल्टिमोर येथे ती पहिल्यांदा केली गेली.

आजच्या शंटमध्ये रक्ताची गुठळी अडकली, तर फुप्फुसांचा पुरवठा तुटतो. उलट्या, जुलाब किंवा ताप यांनी अंगातले पाणी कमी झाले, की रक्त दाट होते आणि गुठळीचा धोका वाढतो. म्हणून अशा बाळाने दोन वेळचे दूध नाकारले किंवा पातळ जुलाब सुरू झाले, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. लंगोट किती वेळा ओली झाली ते मोजावे आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, फोन करावा.

घरी ऑक्सिमीटर आहे. आकडा सारखा खालीवर होतो.

हलणाऱ्या किंवा गार पायावर आकडा भरवशाचा नसतो. पाय उबदार करावा, बाळ शांत असताना मिनिटभर थांबावे आणि यंत्रावरील नाडीची लाट एकसारखी दिसू लागली, की मग आकडा लिहावा. आकडा चांगला पण बाळ वाईट दिसत असेल, तर बाळावर विश्वास ठेवावा. घरी ऑक्सिजन दिला असल्यास सांगितलेला प्रवाह मनाने वाढवू नये. काही आजारांत जादा ऑक्सिजनमुळे फुप्फुसांकडे अधिक रक्त वळते आणि शरीराला कमी पडते. त्या खोलीत विडी-सिगारेट, निरांजन, शेगडी असे काहीही पेटते नको.

लसी द्याव्यात की पुढे ढकलाव्यात?

वेळेवर द्याव्यात. साधा श्वसनमार्गाचा संसर्गही या बाळांना जड जातो, म्हणून त्यांना लसींची गरज इतरांपेक्षा जास्त असते. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस आणि उपलब्ध असेल तेथे आरएसव्ही विषाणूविरुद्धचे प्रतिपिंडांचे इंजेक्शन यांबद्दल विचारावे. शस्त्रक्रियेत रक्त दिले गेले असल्यास गोवर आणि कांजिण्यांसारख्या जिवंत लसी काही महिने लांबवाव्या लागतात, आणि प्रतिकारशक्तीचा दोष जोडीला असलेल्या बाळांसाठी त्यांचा वेगळा विचार होतो. घरातल्या मोठ्यांनीही लसी घ्याव्यात, हात धुऊनच बाळाला घ्यावे आणि सर्दी झालेल्या पाहुण्याला दारातूनच नम्रपणे परत पाठवावे. या शेवटच्या बाबतीत पालकांनी भिडस्तपणा सोडावा, असे आम्हाला ठामपणे वाटते.

शस्त्रक्रियेनंतर बाळाला कसे उचलायचे?

छातीचे मधले हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर काखेत हात घालून किंवा दंड धरून उचलू नये. एक तळहात मान-डोक्याखाली आणि दुसरा ढुंगणाखाली सरकवून बाळाला ओंजळीत घेतल्यासारखे उचलावे. पालथे घालण्याची घाई करू नये. झोपवायचे ते नेहमी उताणे. जखम पूर्ण भरेपर्यंत टबात बुडवून अंघोळ नको, आणि तिच्यावर पावडर, तेल किंवा मलम लावू नये. जखम लाल होणे, तिच्यातून पाणी येणे किंवा श्वासाबरोबर हाडाचा ‘कट’ असा आवाज जाणवणे, हे कळवावे.

कोणत्या वेळी थेट रुग्णवाहिका बोलवायची आणि कोणत्या वेळी फोन पुरतो?

जीभ-ओठ निळे किंवा राखाडी पडणे, श्वास थांबणे किंवा कण्हत श्वास घेणे, बाळ जागे न होणे, अंग लुळे पडणे, कातडी थंड, घामेजलेली आणि डागाळलेली दिसणे, झटका येणे : यांपैकी काहीही झाल्यास रुग्णवाहिका. रुग्णालयातून निघण्याआधी तान्ह्या बाळाला कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण घरातील निदान दोघांनी घ्यावे. ते वाचून येत नाही, बाहुलीवर हाताने करून पाहावे लागते.

दूध निम्म्यावर येणे, श्वासाचा रोजचा आकडा वाढणे, लघवी कमी होणे, सूज, वारंवार उलट्या, नेहमीपेक्षा जास्त घाम किंवा न थांबणारी किरकिर : यासाठी त्याच दिवशी फोन. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक ताप असेल, तर फोनवर न थांबता तपासणीलाच न्यावे.

बाळ इतर मुलांच्या मागे पडेल का?

काही मुले बसायला, चालायला किंवा बोलायला उशीर लावतात. गंभीर दोष आणि लहानपणीच झालेल्या मोठ्या शस्त्रक्रिया यांच्यानंतर याची शक्यता वाढते. म्हणून विकासाची तपासणी नियमित करावी आणि गरज दिसताच व्यायामोपचार सुरू करावेत. पहिला दात आल्यापासून दात स्वच्छ ठेवावेत, कारण तोंडातील जंतू रक्तात शिरून हृदयाच्या आतल्या आवरणाला संसर्ग करू शकतात. दातांच्या डॉक्टरांना हृदयविकाराची कल्पना आधीच द्यावी. काही मुलांना उपचारापूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते.

रात्री झोप लागत नाही. बाळाचा श्वास चालू आहे ना, हे सारखे उठून पाहतो.

अशा घरांतील आईवडिलांमध्ये चिंता आणि नैराश्य पुष्कळ आढळते, आणि बाळ सुधारल्यावरही ते आपोआप जात नाही. रात्रीची पाळी वाटून घ्यावी आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपावे. आजी, मावशी, काका यांपैकी एकाला औषधे, पाजणे आणि धोक्याची चिन्हे नीट शिकवून तयार करावे. त्यांच्यासाठी एका कागदावर आजाराचे नाव, वजन, औषधांचे डोस, नेहमीचे सॅच्युरेशन आणि फोन नंबर लिहून दाराजवळ लावावे. तोच कागद रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांच्याही कामी येतो. मन सारखे सुन्न राहत असेल, तर पुढच्या भेटीत ते बाळाच्या डॉक्टरांनाच सांगावे. मदत कोठे मिळेल हे त्यांना माहीत असते.

पुढच्या बाळालाही हा त्रास होईल का?

एका अपत्याला हृदयदोष असल्यास पुढच्या अपत्यात तो असण्याची शक्यता साधारणपणे शंभरात दोन ते पाच इतकी असते. आजाराच्या प्रकारानुसार आणि आनुवंशिक कारण सापडल्यास हा आकडा बदलतो. पुढच्या गरोदरपणाआधी आनुवंशिकता-तज्ज्ञांना भेटावे आणि १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाचा इको करून घ्यावा. त्यात मोठा दोष दिसला, तर बाळाचा जन्म बालहृदय शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच व्हावा, अशी व्यवस्था आधीपासून करता येते आणि प्रोस्टाग्लँडिन पहिल्या तासापासून सुरू करता येते.